होतकरू किती वर्षं राहायचं?

(बेंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये भीमजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, मराठी बोलणाऱ्या विद्यार्थी आणि नोकरदार तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



काल १४ एप्रिल, सुट्टी होती. आज नाही. तरी ऑफिस उरकून, मेट्रोत उभं राहून तुम्ही इतके जण आलात, त्याबद्दल आधी आभार. आयोजकांनी मला विषय दिला होता ‘खेळ आणि जात’. विषय मोठा आहे आणि माझं संशोधन खेळावर नाही. म्हणून मी एकच गोष्ट बोलणार आहे: नवीन माणसाची चांगली सुरुवात. तुम्ही सगळे त्याच वयाचे आहात. मीही.

इंदिरानगरात बोलायचं तर राहुल द्रविडची ती जाहिरात टाळता येत नाही. २०२१ सालची, क्रेडची. शांत, सभ्य द्रविड ट्रॅफिकमध्ये अडकतो, आजूबाजूच्यांवर ओरडतो, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि आपण इंदिरानगरचे गुंडा आहोत असं गाडीतून उभं राहून जाहीर करतो. सगळा देश हसला. मीही हसले. नंतर विचार आला की आपण हसलो का? कारण द्रविड कधी चिडत नाही हे आपल्याला माहीत आहे. १९९६ साली लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत ९५ धावा केल्या, तेव्हापासून त्याच्या सभ्यपणाची पुंजी जमा होत आली. त्या पुंजीवर तो विनोद उभा आहे. त्याच्या खेळाबद्दल मला आदरच आहे. पण कल्पना करा, याच सिग्नलवर आपल्यातला कुणी, हेल्मेटवर निळा अशोकचक्राचा स्टिकर लावलेला, दुसऱ्याच्या गाडीचा आरसा फोडतो आणि मी इथला गुंडा आहे म्हणतो. कुणी हसेल? राग कुणाला परवडतो, हा प्रश्न इथेच बाजूला ठेवते. थोड्या वेळाने लागेल.

आज १५ एप्रिल आहे. अमेरिकेत आज बेसबॉलच्या मेजर लीगमधला प्रत्येक खेळाडू, कुठल्याही संघाचा असो, पाठीवर ४२ नंबर घालून उतरतो. एरवी तो नंबर कुणालाच मिळत नाही, १९९७ पासून तो सगळ्या संघांनी मिळून कायमचा बाजूला ठेवला आहे. तो जॅकी रॉबिन्सनचा नंबर. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला. मेजर लीगने कित्येक दशकं काळ्या खेळाडूंना दार बंद ठेवलं होतं, ते त्या दिवशी उघडलं.

बेसबॉलमध्ये पहिल्या हंगामातल्या खेळाडूला ‘रुकी’ म्हणतात. आपल्या ऑफिसात जसं ‘फ्रेशर’. त्याच वर्षी सर्वोत्तम रुकीचा पुरस्कार सुरू झाला आणि तो पहिल्यांदा रॉबिन्सनलाच मिळाला. त्या हंगामात त्याची सरासरी होती .२९७, होमरन १२, आणि बेस चोरण्यात, म्हणजे गोलंदाज-रक्षकांना चकवून पुढचा टप्पा गाठण्यात, तो लीगमध्ये पहिला होता: २९ वेळा. आज तो पुरस्कारच त्याच्या नावाने ओळखला जातो. अतिशय आश्वासक सुरुवात, असं कुठल्याही वर्तमानपत्राने लिहिलं असतं.

पण हा ‘फ्रेशर’ तेव्हा २८ वर्षांचा होता. विद्यापीठात चार खेळ खेळलेला. सैन्यात लेफ्टनंट. १९४४ मध्ये लष्करी बसमध्ये मागे जाऊन बस म्हटल्यावर तो उठला नाही, म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि त्यातून तो निर्दोष सुटला. १९४५ मध्ये काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये तो कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला होता. म्हणजे त्याला चिडता येत होतं, आणि खेळताही येत होतं. तरी त्याला घेताना डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट १९४५ च्या भेटीत अट घातली ती खेळाची नव्हती. कुणी शिव्या दिल्या, अंगावर आलं, तरी उलट उत्तर द्यायचं नाही, एवढी हिंमत आहे का, असं विचारलं. त्याने कबूल केलं. पहिल्या हंगामात फिलाडेल्फियाच्या संघाने, त्यांच्या मॅनेजरच्या पुढाकाराने, त्याला मैदानावर उघड जातिवाचक, नाही, वंशवाचक शिव्या घातल्या. बघा, जीभ कुठे घसरते. तो गप्प राहिला. १९४९ मध्ये त्याला त्या बंधनातून मोकळं केलं, तेव्हा तो बोलायला लागला, पंचांशी भांडायला लागला. त्याच वर्षी सरासरी .३४२, आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. गप्प राहिल्यामुळे खेळ चांगला होतो असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

त्याच्यापेक्षाही मला सॅचेल पेजची गोष्ट जास्त सतावते. हा गोलंदाज, त्यांच्या भाषेत पिचर. काळ्यांच्या लीगमध्ये १९२७ पासून चेंडू फेकत होता. मेजर लीगमध्ये त्याचं पदार्पण झालं ९ जुलै १९४८ ला. वय ४२. कागदोपत्री रुकी. त्या अर्ध्या हंगामात त्याने सहा सामने जिंकले, एक हरला, आणि त्याचा संघ क्लीव्हलँड त्या वर्षीचा विजेता ठरला. लोकांनी म्हातारा नवखा म्हणून कौतुक केलं. ज्या माणसाने वीस वर्षं ते काम केलं, त्याला नवखा कोण ठरवतं? ज्याच्या हातात दाराची कडी असते तो. तुम्ही त्याच्या दारातून आत आलात तो तुमचा पहिला दिवस.

ही चूक मेजर लीगने फार उशिरा, पण कागदावर मान्य केली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या काळ्यांच्या सात लीग याही मेजर लीगच होत्या, आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदवहीत मिसळले. एका दिवसात सरासरीच्या यादीत जॉश गिब्सन पहिला आला, .३७२. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, वारला होता. आणि पेजची सुरुवात १९४८ वरून १९२७ वर गेली. माणूस तोच, चेंडू तेच. फक्त नोंदवही बदलली.

आता घरी येऊ.

मराठीत ‘प्रॉमिसिंग’ला एक फार सुंदर शब्द आहे. तुम्ही सगळ्यांनी तो लहानपणी माईकवरून ऐकला आहे. होतकरू. बरोबर, हसताय ते कळलं. तो शब्द एकटा येत नाही. ‘गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप.’ मला सातवीत मिळाल्या होत्या, दोनशे पानी सहा वह्या आणि एक कंपासपेटी. प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर देणाऱ्याचा फोटो. वर्षभर मी त्याच्या तोंडावर ब्राऊन पेपर चढवून शाळेत गेले. वह्या उपयोगी पडल्या, खोटं कशाला बोलू. पण होतकरू म्हणजे अजून न झालेला. होईल असं वाटणारा. आणि होईल की नाही हे वाटणं नेहमी दुसऱ्याचं असतं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा होतकरू म्हणजे पाळवणकर बाळू. मूळ कोकणातल्या पाळवणचं चांभार कुटुंब, म्हणून पाळवणकर. जन्म १८७६ चा, धारवाडचा. म्हणजे इथून रात्री बसलं की सकाळी उतरतो तिथला. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चौघेही क्रिकेट खेळले, आणि चौघेही हिंदू संघापर्यंत पोचले. हा इतिहास इंग्रजी वाचकांपर्यंत रामचंद्र गुहांच्या २००२ च्या पुस्तकाने पोचवला. गुहा याच शहरात राहतात. पण त्याच्या कितीतरी आधी धाकट्या विठ्ठलने स्वतः मराठीत लिहिलं होतं: ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८. आपल्या माणसाने आपल्या भाषेत लिहिलेलं पुस्तक आपल्याला इंग्रजीतून फिरून कळतं. मला तरी तसंच कळलं.

बाळूची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबवर. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि मेंबरांना सरावाला हवं असेल तर चेंडू टाकायचा. महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या क्लबात गेला, तिथे चार रुपये. जाळ्या लावायच्या, पट्टे मारायचे, टेनिसचं कोर्टही आखायचं. वय सोळा. तिथे त्याची गोलंदाजी दिसली. डावखुरा, संथ, चेंडू दोन्हीकडे वळवणारा. क्लबातला सर्वोत्तम फलंदाज कॅप्टन ग्रेग, तो सरावासाठी इतरांच्या तासभर आधी यायचा आणि बाळूने बाद केलं की प्रत्येक वेळी आठ आणे द्यायचा. मी हिशोब केला. महिन्यात आठ वेळा ग्रेगला बाद केलं की चार रुपये, म्हणजे पगाराइतकी वरकमाई. एका अर्थाने हा त्या काळचा ‘परफॉर्मन्स बोनस’.

आणि इतकी वर्षं चेंडू टाकताना त्याला त्या जाळीत एकदाही बॅट हातात दिली गेली नाही. माझ्यासाठी या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. गोलंदाजी म्हणजे घाम, पुन्हा पुन्हा तेच, दुसऱ्याच्या सरावासाठी केलेलं काम. फलंदाजी म्हणजे साहेबाचा खेळ. त्याच्या गुणवत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका असती तर ग्रेग तासभर आधी कशाला आला असता? आपल्याला नेहमी सांगतात की गुणवत्ता दाखवा, मग दारं उघडतील. बाळूची गुणवत्ता रोज सकाळी दिसत होती, तिची किंमतही ठरली होती, आठ आणे.

पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि हुकमी गोलंदाज तर गोऱ्यांच्या मैदानावर रोलर फिरवत होता. अस्पृश्याला घ्यायचं का यावर वाद झाले. ग्रेगनेही म्हटलं की त्याला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चेंडू चामड्याचा, हे मुद्दाम सांगते. पण चहाच्या वेळेला बाकीचे पॅव्हेलियनच्या आत, चिनी मातीच्या कपात. बाळू बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळं. हातपाय धुवायला पाणी हवं तर अस्पृश्य नोकराने एका कोपऱ्यात आणून घालायचं. बळी मात्र तोच घ्यायचा. साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्ध त्याने सात बळी घेतले, पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्याला हार घातला, आणि खासगीत बाकीच्यांना सांगितलं की त्याच्याबरोबर खेळता तर खायला-प्यायलाही हरकत नसावी. नंतर टिळकांनीही त्याचं कौतुक केलं. हार सभेत, आणि भांड्याबद्दल बोलणं खासगीत. रानडे बोलले हे मी कमी लेखत नाही. पण कुठे बोलले तेही बघायला पाहिजे.

१८९६ मध्ये प्लेग आला आणि पाळवणकर मुंबईला गेले. तिथे हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, पुन्हा तोच निकाल: घ्या, कारण जिंकायचं आहे. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले, बाळूचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी. सगळ्या देशात बोभाटा झाला. त्या काळच्या ‘मेजर लीग’मधली ही त्याची मोठी सुरुवात म्हणायची, तर वय तिशीला टेकलेलं आणि मागे चौदा-पंधरा वर्षांची गोलंदाजी. सॅचेल पेज आठवतोय ना?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार एकोणीस वर्षांचा, बाळू पस्तिसाचा. संघ बहुतेक सामने हरला. तेवीसपैकी पंधरा. आणि त्या हरणाऱ्या संघात बाळूने ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. बरोबर शिवराम होता, त्यानेही सॉमरसेटविरुद्ध शतक ठोकलं. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने सत्कार केला आणि त्या सत्काराचं मानपत्र ज्याने तयार केलं तो वीस वर्षांचा विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर. काल आपण ज्यांची जयंती केली, त्यांच्या सार्वजनिक जीवनातल्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. एक होतकरू दुसऱ्यासाठी लिहितोय. आपल्या घरांमधून आधी खेळाडू देशाबाहेर गेला, मग दोन वर्षांनी विद्यार्थी.

आता प्रश्न कर्णधारपदाचा. इंग्लंडहून आल्यावर हिंदू संघात बाळूएवढा अनुभवी कुणी नव्हता. वर्षं गेली, कर्णधार बदलले, बाळू झाला नाही. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार होते, त्यांनी सत्काराला उत्तर देताना जाहीरपणे म्हटलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूला मिळायला हवा होता. पै भला माणूस. पण भल्या माणसाच्या म्हणण्याने निवड समिती बदलत नाही. गोलंदाज म्हणून विश्वास, पण मैदानावर कोण कुठे उभं राहील हे त्याने ठरवायचं, ब्राह्मणाला ‘तू तिकडे जा’ म्हणायचं, हे कसं चालणार? ज्यांनी ऑफिसात टीम लीड होण्याची वाट पाहिली आहे, त्यांना मी हे समजावून सांगत नाही.

१९२० च्या डिसेंबरात स्पर्धा होती. पै आजारी. पहिल्या सामन्यासाठी कर्णधार केलं दि. ब. देवधरांना, आणि बाळूला संघातूनच वगळलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन भावांनी खेळायला नकार दिला. नुसते घरी बसले नाहीत, निवेदन काढलं, त्यात या अन्यायामागे जात आहे हे सांगितलं. फलंदाज म्हणून दोघं संघाचे खांब होते, त्यांच्यावाचून अडत होतं. चर्चा झाली, पै बरे होऊन परतले, अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार म्हणून संघात आला, भाऊ परतले. सामना सुरू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ बाळूच्या हातात संघ राहावा. अठ्ठावीस वर्षांच्या गोलंदाजीनंतर ती काही षटकं.

हेच ते साल, ज्याच्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मी असं म्हणत नाही की भावांनी ‘मूकनायक’ वाचून बहिष्कार टाकला. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि आपण संशोधक आहोत. एवढंच म्हणते की गप्प न राहण्याची हवा त्या वर्षी होती. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला, हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतलं. लोक ही गोष्ट बाळूच्या गुणवत्तेचं उशिरा आलेलं फळ म्हणून सांगतात. मला पटत नाही. बाळूची गुणवत्ता तर १८९२ पासून होती. मधे घडलं ते १९२० चं निवेदन.

आता एक अवघड जागा. तुमच्यापैकी काहींच्या मनात ती केव्हाची असणार. बाळू पुढे बाबासाहेबांच्या विरोधात गेला. १९३२ मध्ये तो स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होता, पुणे करारावर त्याची सही आहे. धर्मांतराच्या घोषणेवर त्याने टीका केली. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर त्यालाच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. महार उमेदवारासमोर नावाजलेला चांभार उमेदवार देण्यातलं गणित समजायला राज्यशास्त्र शिकावं लागत नाही.

आमच्या चर्चांमध्ये इथे दोन गोष्टी होतात. एक तर बाळूचं नावच घेत नाहीत. नाहीतर त्याचं चित्र इतकं गोड करतात की १९३७ गायब. मला दोन्ही नको. राजकारणात तो चुकला असं माझं मत आहे. पण तो असा का झाला हेही मला दिसतं. ज्या माणसाला आयुष्यभर प्रत्येक पायरी कुणाच्या तरी चांगुलपणामुळे मिळाली, ग्रेगच्या शब्दामुळे, कर्णधाराच्या आग्रहामुळे, पैंच्या बाहेर जाण्यामुळे, त्याला वाटणारच की चांगुलपणा वाढवत नेला की जात जाईल. बाबासाहेब म्हणत होते, चांगुलपणा नको, हक्क द्या. वरच्यांनी होतकरू म्हटलं की मनात कृतज्ञता बसते, आणि ती खरी असते, म्हणूनच ती इतकी महाग पडते. बाळू १९५५ मध्ये सांताक्रूझला वारला. देवधरांच्या नावाने १९७३ मध्ये देशपातळीवरची क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. देवधरही मोठे खेळाडू होते, त्यांच्या नावाला माझा आक्षेप नाही. नोंदवहीबद्दल बोलले होते, म्हणून हेही सांगितलं.

मघाशी मी राग बाजूला ठेवला होता. आता माझं सांगते, थोडक्यात.

पीएचडीचं हे माझं चौथं वर्ष. वडील नगरपालिकेत शिपाई होते, घरात पहिली पदवीधर मी. दर वर्षी प्रगती-अहवालात माझ्याबद्दल एक शब्द येतो, इंग्रजीत: प्रॉमिसिंग. पहिल्या वर्षी मी त्याचा फोटो काढून भावाला पाठवला. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या संशोधन प्रकल्पात मला घेतलं. मराठवाड्यातल्या बायकांच्या मुलाखती होत्या. मुलाखती मी घेतल्या, कारण त्या माझ्याशीच बोलत होत्या. माझी आत्या बोलते तसं बोलत होत्या. लिहून मी काढल्या, इंग्रजी मी केलं. पैसे रेकॉर्डिंगच्या तासाप्रमाणे. कुठल्या शब्दाचा काय अर्थ, कुठल्या हसण्यामागे काय आहे, हे बैठकीत मीच सांगायची आणि बाकीचे लिहून घ्यायचे. लेख छापून आला. तिघांची नावं लेखक म्हणून. माझं नाव आभारात, ‘क्षेत्रकार्यातल्या सहकार्याबद्दल’. त्या लेखातला एक मुद्दा, जो सगळे उद्धृत करतात, तो मी एका बैठकीत मराठीतच बोलले होते, कारण मला तो इंग्रजीत नीट मांडता येत नव्हता.

तुमच्यात हे वेगळ्या नावाने होतं हे मला माहीत आहे. मघाशी एकजण सांगत होता, डेक मी बनवतो, क्लायंट कॉलवर मला म्यूटवर ठेवतात. जाळीतली गोलंदाजी ती हीच.

मी ठरवलं की बोलायचं. खूप घाबरले होते. रात्री तीनदा मेल लिहिला आणि खोडला, पहिल्या मसुद्यात तर मी पाच वेळा धन्यवाद दिले होते. शेवटी भेटून विचारलं की पुढच्या लेखात मी लेखक असणार का. उत्तर फार प्रेमळ होतं. चिडू नकोस, घाई करू नकोस, तू खूप प्रॉमिसिंग आहेस, अजून सगळं पुढे आहे. चिडले कुठे होते मी? आवाजही चढवला नव्हता. पण आपण प्रश्न विचारला की तो राग म्हणूनच ऐकू जातो, हे त्या दिवशी कळलं. आणि मला खोलीतून बाहेर येताना बाळू नाही आठवला, विठ्ठल आणि शिवराम आठवले. आपल्यावाचून अडतं ती जागा कुठली, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

सगळ्यांनी असं करावं असं मी सांगणार नाही. ज्याच्या पगारावर गावी घराचा हप्ता चालतो, त्याला बहिष्काराचं भाषण देणं सोपं आहे आणि निर्लज्जपणाचंही. शिवराम-विठ्ठल दोघे होते, हे लक्षात ठेवा. एकटा बाळू वर्षानुवर्षं गप्प होता. म्हणून मी भेटायला जाण्याआधी त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या एका मुलीशी बोलले, ती तेलुगूतल्या मुलाखती करते. तिचंही नाव आभारातच होतं.

आम्ही दोघींनी मिळून लेखी कळवलं आहे की लेखकत्वाचं ठरेपर्यंत पुढचं भाषांतर होणार नाही. याला आता पाच आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. या महिन्याचे तासांचे पैसेही आलेले नाहीत, खोलीचं भाडं मैत्रिणीकडून घेऊन भरलं. माझ्याकडे अकरा मुलाखती आहेत, तिच्याकडे नऊ. रोज रात्री एखादी मी ऐकते, लिहून काढत नाही, नुसती ऐकते. परवा ऐकली त्यात एक आजी मला विचारतात, बाई, हे सगळं तू लिहिणार ना? मी रेकॉर्डिंगमध्ये हो म्हणाले आहे.